बोधिधर्म : आख्यायिकेतील मल्ल आणि इतिहासातील भिक्खू

नंदुरबार शहरातील एका शाळेच्या पटांगणावर रोज सायंकाळी कराटेचा वर्ग भरतो. आमच्या वस्तीतील बरीच मुले-मुली तेथे जातात. वर्ग सुरू होण्यापूर्वी सर्वजण भिंतीवरील एका चित्रासमोर कमरेत वाकून अभिवादन करतात. दाट दाढी, वटारलेले डोळे आणि अंगावर लाल वस्त्र अशी ती मूर्ती असून खाली ‘कराटेचे आद्यगुरू भन्ते बोधिधर्म’ असे शब्द रंगविलेले आहेत. वर्षावासातील एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर या वर्गातील एका मुलीने प्रस्तुत लेखकाला विचारले, “सर, भन्ते बोधिधर्म जर भिक्खू होते, तर त्यांनी मारामारी कशी शिकवली?” प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र तितके सरळ नाही, आणि तिला त्याच जागी थातुरमातुर काही सांगून बसविणे योग्य वाटले नाही. म्हणून हा लेख.

मुलांच्या मनात असलेली कथा अशी : बोधिधर्म हा दक्षिणेतील कांचीच्या पल्लव राजाचा तिसरा पुत्र. तो चीनमध्ये गेला, तेथे साथीच्या रोगाने पछाडलेल्या गावाला त्याने औषधाने वाचविले, चालून आलेल्या लुटारूंना नुसत्या हातांनी पिटाळले आणि शाओलिनच्या विहारातील भिक्खूंना युद्धकला शिकविली. तीच पुढे कुंग फू झाली आणि जपानकडे जाऊन कराटे झाली. २०११ मध्ये आलेल्या ‘सातवे ज्ञान’ अशा अर्थाच्या नावाच्या तमिळ चित्रपटाने ही कथा घरोघरी नेली. त्याची हिंदी आवृत्ती दूरचित्रवाणीवर इतक्या वेळा दाखविली गेली आहे की आमच्या मुलांना त्यातील प्रसंग पाठ आहेत. आपल्या देशातील एका बौद्ध भिक्खूने चीनला बळही दिले आणि आरोग्यही दिले, ही कल्पना कोणालाही सुखावणारी आहे. आपल्याला तर ती अधिकच सुखावते.

आणि नेमके तेथेच सावध व्हावयास हवे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभीच सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या परंपरागत कथेला हात घातला. वृद्ध, रोगी आणि मृत मनुष्य एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने त्या दिवशी प्रथमच पाहिला हे बुद्धीला पटत नाही, असे सांगून त्यांनी ती कथा बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांमधील रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. शेकडो वर्षे चित्रांत व शिल्पांत कोरली गेलेली, बौद्ध जगाला प्राणप्रिय असलेली ती कथा होती. तथागतांच्या चरित्राला जी कसोटी लावली गेली, ती बोधिधर्माच्या चरित्राला लावू नये असे कोण म्हणेल? शिवाय बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविणाऱ्या पुराणकथेवर आपण पुरावा मागतो. दुसऱ्याच्या कथेला पुरावा मागणाऱ्याने आपल्या आवडीच्या कथेचा पुरावा आधी तपासलेला बरा.

बोधिधर्माविषयीचा सर्वांत जुना उल्लेख इ. स. ५४७ मधील आहे. उत्तर वेई राजवटीची राजधानी लोयांग हिचा विध्वंस झाल्यानंतर यांग श्वेनची नावाच्या अधिकाऱ्याने त्या नगरीतील विहारांचा वृत्तान्त लिहून ठेवला. त्यात युंगनिंग विहाराच्या नऊ मजली स्तूपमनोऱ्याचे वर्णन आहे. हा मनोरा ५१६ मध्ये उभारला गेला आणि ५३४ मध्ये आगीत भस्म झाला. पश्चिमेकडील प्रदेशांतून आलेला बोधिधर्म नावाचा एक श्रमण तो मनोरा पाहून विस्मित झाला, आपण दीडशे वर्षांचे असून इतके देश हिंडलो पण असे कोठे पाहिले नाही असे म्हणाला, आणि हात जोडून कित्येक दिवस ‘नमो’ म्हणत राहिला, एवढेच यांग सांगतो. तो बोधिधर्माला इराणकडील म्हणतो. राजपुत्र नाही, औषध नाही, मुष्टियुद्ध नाही. वाऱ्यावर किणकिणणाऱ्या सोन्याच्या घंटांखाली हात जोडून उभा असलेला एक वृद्ध परदेशी यात्रेकरू, एवढीच ही पहिली ओळख आहे.

दुसरे साधन थानलिन या विद्वान भिक्खूने बोधिधर्माच्या शिकवणुकीला लिहिलेली प्रस्तावना. तीत तो दक्षिण भारतातील एका मोठ्या राजाचा तिसरा पुत्र होतो. तिसरे साधन दाओश्वान या विनयाच्या थोर आचार्याने इ. स. ६४५ मध्ये सिद्ध केलेला आणि पुढे वाढविलेला भिक्खूंचा चरित्रकोश. त्यात तो दक्षिण भारतातील ब्राह्मण कुळातील ठरतो. हा क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. पहिल्या लेखकाला त्याच्या कुळाची माहिती नाही, दुसरा त्याला राजपुत्र करतो, तिसरा त्याला ब्राह्मण करतो. माणूस जसजसा काळाच्या पडद्याआड जातो तसतशी त्याची जात उंचावत जाते, हा अनुभव आपल्याला संतचरित्रांवरून नवा नाही. तो चीनमध्येही यावा याची मात्र गंमत वाटते. कांचीचे नाव या तिन्ही साधनांत नाही. पल्लव घराण्याचेही नाही.

येथे एक साक्षीदार आपल्या फार उपयोगी पडतो आणि तो महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. ह्युएनत्संग इ. स. ६४० च्या सुमारास कांचीपुरात होता. तेथील विहारांची त्याने नोंद केली, आणि आचार्य धर्मपाल हे या नगरीचे सुपुत्र होत असे आवर्जून लिहिले. त्यानंतर तो महाराष्ट्रात आला. येथील लोक उपकाराला जागणारे, अपमान न विसरणारे आणि युद्धप्रिय आहेत, पुलकेशी राजाचे सैनिक व हत्ती लढाईपूर्वी मद्याने उन्मत्त केले जातात, देशात सुमारे शंभर विहार व पाच हजार भिक्खू आहेत, असे त्याचे वर्णन प्रसिद्धच आहे. आता या यात्रेकरूचे जन्मगाव लोयांगजवळचे, शाओलिन विहार असलेल्या सोंग पर्वताच्या परिसरातील. ६४५ मध्ये स्वदेशी परतल्यावर त्याने सम्राटाकडे विनंती केली ती शाओलिनलाच बसून ग्रंथांचे भाषांतर करू देण्याची. सम्राटाने ती मान्य केली नाही. म्हणजे कांची, महाराष्ट्र आणि शाओलिन ही तिन्ही ठिकाणे एकाच आयुष्यात जवळून जाणणारा हा मनुष्य. कांचीच्या कोण्या राजपुत्राने शाओलिनला जाऊन नाव काढले असते, तर धर्मपालाची आठवण ठेवणाऱ्या ह्युएनत्संगाने ते लिहिले नसते काय? मौन हा पूर्ण पुरावा नव्हे, हे मान्य आहे. पण असे मौन बोलके असते.

मग या भिक्खूने शिकविले तरी काय? थानलिनने जतन केलेल्या शिकवणुकीत धम्मात प्रवेश करण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत, एक तत्त्वाच्या आकलनाचा आणि दुसरा आचरणाचा. पहिल्यात भिंतीसारखे निश्चल होऊन चित्त स्थिर करण्याचा उल्लेख येतो. त्यावरूनच पुढे तो नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसला, झोप येऊ नये म्हणून त्याने पापण्या कापून फेकल्या आणि त्यांतून चहाची झुडपे उगवली, अशा कथा निघाल्या. आचरणाच्या मार्गात चार गोष्टी आहेत : आपल्यावर झालेल्या आघाताने वैर न धरणे, सुखदुःख हे कारणपरंपरेतून येते हे ओळखून वागणे, हाव न धरणे, आणि धम्माला अनुसरून जगणे. चारही गोष्टी पाली वाङ्मय वाचणाऱ्याला ओळखीच्या वाटतील. लिआंगच्या सम्राट वू याने आपण इतके विहार बांधले, इतके ग्रंथ लिहवून घेतले, याचे पुण्य किती असे विचारले आणि बोधिधर्माने ‘काहीच नाही’ असे उत्तर दिले, ही कथा आपल्याकडेही आवडीने सांगितली जाते. ती पुरती दोनशे वर्षांनंतरच्या, आठव्या शतकातील वाङ्मयात प्रथम आढळते. तिचा आशय मला आवडतो. पण इतिहास म्हणून ती सांगता येत नाही.

या जुन्या साधनांमध्ये एक प्रसंग असा आहे की तो वाचल्यावर माझ्यापुरता युद्धकलेचा प्रश्न निकालात निघाला. बोधिधर्माचा प्रमुख शिष्य हुइके. त्याने गुरूला आपली निष्ठा पटविण्यासाठी बर्फात उभे राहून स्वतःचा हात कापून दिला, अशी कथा छान (जपानमध्ये झेन) संप्रदायात सर्वत्र प्रचलित आहे. चित्रेही तशीच काढली जातात. दाओश्वान मात्र वेगळेच सांगतो. हुइकेचा हात चोरांनी तोडला. त्याने जखम आगीने डागून रक्त थांबविले, फडक्याने बांधली आणि नित्याप्रमाणे भिक्षेला निघून गेला. कोणापाशी बोललाही नाही. पुढे थानलिनचाही हात चोरांनीच तोडला. तो रात्रभर वेदनेने आक्रोश करीत राहिला. हुइकेने त्याची जखम बांधली, त्याच्यासाठी भिक्षा मागून आणली आणि त्याला भरविले. हुइकेचा हात नीट चालत नाही म्हणून थानलिन चिडला, तेव्हा हुइके म्हणाला की मलाही एकच हात आहे. तोपर्यंत थानलिनला ते ठाऊकच नव्हते!

ज्या गुरूने म्हणे एका फटकाऱ्यात लुटारूंना पिटाळले, त्याच्या पट्टशिष्याचा हात लुटारूंनी तोडावा, आणि त्याच गुरूच्या चरित्राची जुनी प्रस्तावना लिहिणारा थानलिनही तसाच एका हाताचा व्हावा! बोधिधर्माने स्वसंरक्षणाची विद्या शिकविली असती तर ती या दोघांना आधी आली असती. जे या मंडळींपाशी निश्चित होते, ते दाओश्वानाच्या त्या दहा-बारा ओळींत आहे : एक थोटा भिक्खू दुसऱ्या थोट्या भिक्खूला घास भरवीत आहे. बोधिधर्माच्या परंपरेतील वैद्यक शोधावयाचे तर ते येथे शोधावे.

शाओलिनचा इतिहास स्वतंत्र आहे आणि तोही कमी रंजक नाही. हा विहार उत्तर वेई सम्राटाने ४९५ च्या सुमारास बांधला तो बात्वो नावाच्या, पश्चिमेकडून आलेल्या दुसऱ्याच एका परदेशी भिक्खूसाठी. दाओश्वान बोधिधर्माचा संचार सोंग पर्वत व लोयांगच्या परिसरात झाल्याचे सांगतो, पण शाओलिनशी त्याचे नाव जोडणारा मजकूर आठव्या शतकापासूनचा आहे. शाओलिनचे भिक्खू लढले याला मात्र भक्कम पुरावा आहे. सुई साम्राज्य कोसळल्यावर वांग शिछोंग या सरदाराने विहाराच्या मालकीची एक जमीनजुमल्याची वाडी बळकावली होती. ६२१ मध्ये भिक्खूंनी ती परत घेतली, वांगच्या पुतण्याला पकडून त्याचा प्रतिस्पर्धी ली शिमिन याच्या स्वाधीन केले, आणि हा ली शिमिन पुढे थांग घराण्याचा सम्राट झाला. विहाराला जमिनी व पाणचक्की इनाम मिळाली, एका भिक्खूला सेनापतीचा हुद्दा मिळाला. हा सर्व तपशील ७२८ च्या शिलालेखात तेरा भिक्खूंच्या नावांसह आजही वाचता येतो. लेखात इनाम आहे, हद्दी आहेत, सनदा आहेत; बोधिधर्माने दिलेल्या युद्धविद्येचा शब्द नाही. आपल्याकडील ताम्रपट वाचणाऱ्यांना हा मासला चांगला परिचित आहे. जमीन आली की तिचे रक्षण आले, आणि रक्षण आले की काठी आली.

सोळाव्या शतकात किनाऱ्यावरील चाच्यांविरुद्ध याच विहाराच्या भिक्खूंना मिंग सरकारने लढविले. त्यांचे शस्त्र काठी हे होते. ‘शाओलिनची काठी’ या विषयावर छंग त्सोंगयौ याने लिहिलेला तपशीलवार ग्रंथ १६२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो स्वतः अनेक वर्षे विहारात राहून शिकला होता. त्याने काठीच्या विद्येचा जनक म्हणून बोधिधर्माचे नाव घेतलेले नाही. शाओलिनची स्वतःची समजूत तोपर्यंत निराळीच होती. विहारात सैपाकघरात चुलीला जाळ घालणारा एक गडी होता. बंडखोर चालून आले तेव्हा तो हातातील जळते लाकूड घेऊन बाहेर पडला आणि पर्वताएवढा होऊन त्याने त्यांना पळवून लावले. तो साक्षात किन्नर होता हे नंतर कळले. हीही आख्यायिकाच. पण कोणाला मोठे करावे याची आख्यायिकेलाही एक निवड असते. विहाराच्या जुन्या स्मृतीने काठीचे श्रेय चुलीपुढच्या गड्याला दिले होते. शंभर-दोनशे वर्षांत ते त्याच्याकडून गेले आणि राजपुत्राच्या पदरात पडले.

हे कसे घडले ते आज निश्चित सांगता येते. १६२४ मध्ये ‘यीचिन चिंग’, म्हणजे स्नायू पालटण्याचे सूत्र, या नावाचा एक व्यायामग्रंथ तयार झाला. त्यात श्वासाचे नियमन, अंगमर्दन, लाकडी मोगरीने व खड्यांच्या पिशवीने शरीर ठोकून घट्ट करणे आणि त्यासाठी लागणारी औषधे यांची कृती आहे. विषय मुख्यतः ताओ पंथीयांच्या आरोग्यसाधनेचा. पण ग्रंथाला दोन जुन्या सेनापतींच्या नावे प्रस्तावना जोडल्या आहेत. पहिलीवर ६२८ हे वर्ष असून ती ली चिंग याच्या नावाने आहे. बोधिधर्म शाओलिनला एक लोखंडी पेटी ठेवून गेला, तीत हे सूत्र होते आणि भारतीय भिक्खूने त्याचे भाषांतर केले, असे ती सांगते. दुसरीवर ११४२ हे वर्ष आहे. लबाडी उघडकीस आणणे चिनी पंडितांना कठीण गेले नाही. पहिल्या प्रस्तावनेत हा ग्रंथ ज्याच्या हाती आला असे म्हटले आहे तो दाढीवाला वीर केवळ एका कादंबरीवजा कथेतील पात्र आहे! उद्या एखाद्या ताम्रपटावर नाटकातल्या पात्राची साक्ष निघावी, तसा हा प्रकार. १९३० मध्ये थांग हाओ या चिनी संशोधकाने शाओलिनच्या परंपरेची चिकित्सा करून हे कथानक बनावट असल्याचे दाखविले. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला दुजोराच दिला आहे.

परंतु बनावट नाण्याला चलन मिळाले की ते मागे घेणे अवघड जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये छापील कादंबऱ्या व मुष्टियुद्धाच्या पुस्तिका निघाल्या, त्यांनी काठीबरोबर हातांच्या विद्येचेही पितृत्व बोधिधर्माला दिले. ओकिनावा बेटाची विद्या जपानमध्ये नेणारे गिचिन फुनाकोशी यांनी आपल्या कराटेच्या ग्रंथात हीच कथा दिली. ‘कराटे’ हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहिला जाई, तो त्याच काळात ‘रिकामा हात’ असा लिहिला जाऊ लागला. मग चित्रपट आले. १९७३ च्या ब्रूस लीच्या चित्रपटानंतर आपल्याकडेही गावोगाव वर्ग निघाले, आणि त्या वर्गांच्या भिंतींवर ती मूर्ती आली. आमच्या वस्त्यांमध्ये कराटेला जो ओढा लागला त्याचे कारण केवळ चित्रपट नव्हते. गावच्या तालमीत कोणाला कोठपर्यंत जाता येते हे आमच्या आजोबांच्या पिढीला कोणी सांगावे लागत नसे. कराटेच्या वर्गात पांढरा पोशाख आणि कमरेचा पट्टा एवढीच ओळख पुरते. पट्ट्याचा रंग परीक्षेने बदलतो, जन्माने नव्हे. मुलांनी या विद्येला आपली मानले यात नवल नाही. तिचा आद्यगुरू भिक्खू निघाला तेव्हा त्यांना झालेला आनंदही मी समजू शकतो.

राहता राहिला वैद्य. बोधिधर्म जपानमध्ये ‘दारुमा’ झाला. हातपाय नसलेली, लाल रंगाची, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी त्याची बाहुली तेथील घराघरांत असते. अठराव्या शतकापासून ही लाल बाहुली देवीच्या रोगापासून मुलांचे रक्षण करते अशी समजूत होती. रोगाची देवता लाल रंगाला भुलते असे मानले जाई. खानदेशातही मुलाला ‘देवी आल्या’ म्हणून लिंबाचे डहाळे बांधले जात आणि देवीची शांत केली जात असे. देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये हटला तो गावोगाव हिंडून दंडावर लस टोचणाऱ्यांमुळे. त्यांचे चित्र कोणत्याही भिंतीवर नाही.

बौद्ध परंपरेला वैद्यकासाठी दारुमाची गरज मुळीच नाही. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन खाटेवर ठेवले आणि माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी असे संघाला सांगितले. महावग्गातील हा प्रसंग आपण जाणतोच. जीवकाचे चरित्रही त्याच ग्रंथात आहे. पण याहून जवळचा पुरावा आपल्या घाटमाथ्यावर आहे. खानदेशच्या सीमेवर, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत मागिल नावाच्या राजवैद्याने दिलेल्या दानाची नोंद आहे. तो आपल्या आईच्या नावाने वाछीपुत्र म्हणविला गेला आहे. शेजारीच त्याच्या मुलीचे व मुलाचे, दत्ता आणि दत्तक यांचे, दान आहे. चीनमधल्या लोखंडी पेटीत दडविलेल्या सूत्रापेक्षा दगडात कोरलेले हे एका वैद्याचे घर मला अधिक खरे वाटते.

बळ आणि वैद्यक एकाच माणसात असणे ही काही अद्भुत गोष्ट नाही. हाडे निखळविण्याची विद्या जाणणारा ती बसविण्याची विद्याही शिकतो. जुन्या वस्तादांकडे हात-पाय मुरगळलेले लोक जात ते यामुळेच. मराठी माणसांत याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रा. माणिकराव यांचे. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांचे ते वस्ताद आणि हाडवैद्य म्हणूनही तितकेच विख्यात. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकलेले ज. ग. गुणे, पुढचे स्वामी कुवलयानंद, आपल्या खानदेशात अमळनेरला अध्यापक होते. शरीराच्या साधनेकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याचा प्रयत्न करून त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. (त्याच बडोद्यात १९१७ मध्ये बाबासाहेबांना राहावयास जागा मिळाली नव्हती, हेही या संदर्भात विसरता येत नाही.)

आणि भारतातून चीनमध्ये जाऊन तेथील जखमींना वाचविणारा मनुष्य पाहिजे असेल, तर तो सोलापूरचा आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १९१० चा. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. इतर परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, रणभूमीच्या जवळ शस्त्रक्रिया करीत राहिले, डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तेथेच मरण पावले. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत. आमच्या कराटे वर्गातील एकाही मुलाला त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे. भिक्खूने मारामारी शिकवावी काय? पातिमोक्खातील पाचित्तियांत रागाच्या भरात दुसऱ्या भिक्खूवर प्रहार करणे हा दोष आहे, हात उगारणे हाही दोष आहे. सैन्य पाहावयास जाण्यावरही निर्बंध आहेत. असा विनय पाळणारा आचार्य युद्धकलेचा वर्ग चालवील हे संभवत नाही. मात्र त्याच प्रहाराच्या नियमाच्या विवरणात एक अपवाद दिला आहे. कोणी छळीत असता केवळ सुटका करून घेण्याच्या हेतूने केलेला प्रहार दोषास पात्र नाही. बाबासाहेबांनीही मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करून बुद्धाची अहिंसा समजावून दिली आहे. तेव्हा संध्याकाळी अंधार पडल्यावर शिकवणीहून एकटी घरी येणाऱ्या मुलीने मनगट सोडवून घेण्याचा डाव शिकला, तर त्यासाठी तिला बोधिधर्माच्या नावाची परवानगी नको आहे. विनयानेच ती देऊन ठेवली आहे.

हे सर्व मी तिला आणि तिच्या मैत्रिणींना दोन रविवारी सांगितले. वर्गाचे शिक्षकही दुसऱ्या रविवारी येऊन मागे बसले होते. त्यांनी वाद घातला नाही. “मग चित्र काढून टाकू का?” एवढेच विचारले. मी म्हटले, चित्र राहू द्या, खालची ओळ बदला. पुढच्या आठवड्यात पाहिले तर ‘कराटेचे आद्यगुरू’ हे शब्द चुन्याने पुसलेले होते. ‘भन्ते बोधिधर्म’ एवढेच शिल्लक होते आणि त्याखाली मुलांपैकी कोणीतरी खडूने ‘सहावे शतक, लोयांग’ असे लिहिले होते. त्या मुलीने हुइके आणि थानलिन यांचे चित्र काढून आणले आहे. त्यात हुइकेचा डावा हात तुटलेला दाखविला आहे. डावा कशावरून, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “सर, भरवायचे तर उजवाच राहायला पाहिजे ना.”